शनिवार लेकरांचा राहू द्या : जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाला खुलं पत्र

प्रति,
माननीय मुख्य कार्यकारी अधिकारी
आणि माननीय शिक्षणाधिकारी (प्राथमिक),
जिल्हा परिषद

साहेब, सविनय नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या कार्यालयाचं पत्र आमच्या शाळेत आलं. आलं म्हणजे केंद्राच्या, आसपासच्या शाळांच्या गटाच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर आलं, तेही रात्री. त्यात तीन गोष्टी आहेत. यंदा केंद्र आणि तालुका पातळीवरच्या कला-क्रीडा स्पर्धा प्रत्यक्ष होणार नाहीत. शाळांनी मुलांचे व्हिडिओ करून लिंकवर टाकायचे, त्यावरून निकाल लागतील. दर शनिवारी गुणवत्तावाढीसाठी सराव चाचणी घ्यायची. आणि कोणत्याही शाळेनं किंवा केंद्रानं वरिष्ठांच्या पूर्वपरवानगीशिवाय बातमीपत्र, भित्तिपत्रक काढायचं नाही. खाली सही आहे. कारण मात्र कुठेच नाही.

मी या शाळेच्या व्यवस्थापन समितीची अध्यक्ष आहे. त्याआधी याच शाळेत शिकले. माझी दोन लेकरं आज इथेच आहेत, एक पाचवीत, एक सातवीत. समितीनं ठराव करून अर्ज दिला, त्याची पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. म्हणून आता उघड लिहिते आहे. जिल्ह्यातल्या बाकीच्या गावांतही हेच पत्र गेलं असेल, तिथल्या पालकांनीही हे वाचावं.

आधी खेळाचं बोलते, कारण आमच्या गावात खेळाचा संबंध फक्त खेळाशी नाही.

आमचं गाव बालाघाटच्या डोंगरात आहे. सोयाबीन निघालं, दिवाळी झाली की गाव रिकामं व्हायला लागतं. ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात, काही पश्चिम महाराष्ट्रात, काही कर्नाटकात. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, पावसाळ्यातच घेऊन खर्च झालेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. तो मोडता येत नाही. मागं राहतात म्हातारी माणसं आणि लेकरं, आणि लेकरंही सगळी राहत नाहीत. दहा-अकरा वर्षांची पोरगी बरोबर असली की धाकट्याला सांभाळते, पाणी आणते, मोळी बांधायला हात देते. तिला नेणाऱ्या आई-बापाला नावं ठेवायला मी हे लिहीत नाही. मीही त्याच गावची आहे.

हंगामी वसतिगृहाची योजना आहे, ती चांगली आहे. लेकरू आजीजवळ राहतं, जेवण शाळेत मिळतं. पण दोन वेळच्या जेवणासाठी पोरगी आईचा पदर सोडत नाही. तिला मागं राहायला स्वतःचं काही कारण लागतं. आमच्याकडं ते कारण खो-खोचं होतं. केंद्राच्या स्पर्धा डिसेंबरात, तालुक्याच्या जानेवारीत, म्हणजे नेमक्या तोडणीच्या भरात. संघात नाव लागलं की पोरगी घरात सांगायची, मी गेले तर नऊ भरत नाहीत. मग आजी तिच्या बाजूनं बोलायची, सर घरी येऊन बोलायचे, बापाचं मन वळायचं. असं करून शाळेत टिकलेल्या मुली मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या आहेत. त्यांतल्या काही पुढं दहावी झाल्या, एक आज नर्सिंगला आहे. त्या खेळात फार पुढं गेल्या नाहीत. पण त्या वयात त्या फडात गेल्या नाहीत, हे आम्हाला जास्त मोलाचं आहे.

आपल्या पत्रातल्या एका ओळीनं ते कारण गेलं. यंदा दिवाळीनंतर सातवीतल्या दोन मुली टोळीबरोबर गेल्या. दोघीही संघातल्या. स्पर्धा होणार नाहीत ही कुणकुण आधीच लागली होती.

आणि व्हिडिओचं म्हणाल, तर खो-खोचा व्हिडिओ कसा पाठवायचा ते मला कोणी समजावून सांगावं. समोरचा संघ कुठून आणायचा? आमच्याच नऊ पोरी आमच्याच तीन पोरींचा पाठलाग करणार, आणि त्यावरून तालुक्याचा पहिला नंबर ठरणार? शंभर मीटर धावण्यात अंतर कोणी मोजलं, घड्याळ कोणी धरलं, हे लिंकवर कसं कळणार? समूहगीताचं समजू शकते. पण मोबाइल चांगला त्या शाळेचं गाणं चांगलं, एवढाच त्याचा निकाल.

आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचे अविनाश साबळे २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक घेऊन आले. जानेवारी २०२५ मध्ये खो-खोचा पहिला विश्वचषक भारतानं जिंकला, तेव्हा महिला संघाची कर्णधार प्रियंका इंगळे ही मूळची बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातली होती. त्या दोघांचे फोटो आपल्याकडच्या कितीतरी कार्यक्रमांच्या फलकांवर असतात. साबळे कोणाच्या तरी पुढं पळाले म्हणून पदक मिळालं. एकटं पळून व्हिडिओ टाकला असता तर ते आम्हाला माहीतसुद्धा झाले नसते.

पैसे नाहीत असं कारण असेल तर तसं लिहून द्या. समग्र शिक्षा योजनेत क्रीडासाहित्यासाठी प्राथमिक शाळेला वर्षाला ५,००० आणि उच्च प्राथमिकला १०,००० रुपयांची तरतूद आहे. त्यातून आमच्या शाळेत काय आलं ते समितीच्या इतिवृत्तात आहे, आपण कधीही येऊन पाहा. तालुक्याच्या स्पर्धेला पोरांना नेण्यासाठी आम्ही आजवर आपल्याकडं गाडी मागितली नाही. गावातला एक टेम्पोवाला डिझेलवर नेतो. जेवणाची भाकरी घरून जाते. आम्हाला मैदान, पंच आणि तारीख हवी.

आता शनिवार.

पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ ही कल्पना आमची नाही, शासनाची आहे. मार्च २०२४ मध्ये तसा निर्णय निघाला. लेकरांवरचा ताण कमी व्हावा, शनिवारी खेळ, कृती, छंद यांतून शिकणं व्हावं, असं त्यात आहे. त्याआधी २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना शिकण्याचं सांगितलं आहे. आमच्या सरांनी ते मनावर घेतलं. सुताराला शाळेत बोलावून मुलांनी कोन मोजले. ग्रामपंचायतीतून नमुना ८ मागवून सातवीच्या पोरांनी घरपट्टीचं गणित केलं, आणि दोघा-तिघांच्या घरी थकबाकीची आठवणही करून दिली, त्यावरून थोडी कुरबूर झाली. म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या. त्या बायका आयुष्यात पहिल्यांदा शाळेच्या वर्गात खुर्चीवर बसल्या. बांधावरची झाडं मोजली, त्यात आम्हा मोठ्यांनाही नावं न येणारी चार निघाली.

हा सगळा वेळ आता सराव चाचणीला. चाचण्यांना आमचा विरोध नाही. घटक चाचण्या आहेत, सत्र परीक्षा आहेत, शासनाची नियतकालिक मूल्यांकन चाचणी आहे, शिष्यवृत्ती आहे, नवोदयची तयारी आहे. एवढ्यांतून लेकराला काय येत नाही ते कळत नसेल, तर दर शनिवारच्या आणखी एका कागदातून कसं कळेल? आणि कळून पुढं काय? ज्याला भागाकार येत नाही त्याला तो शिकवायला वेळ लागतो. तो वेळ तर चाचणी घेण्यात, तपासण्यात आणि गुण लिंकवर भरण्यात जातो.

लिंक हा शब्द आता आमच्या लेकरांनाही पाठ आहे. वर्गात सर फोन घेऊन बसले की पोरं आपसात म्हणतात, लिंक आली. वृक्षारोपण झालं, फोटो पाठवा. वाचन झालं, फोटो पाठवा. तिरंगा लावला, लोकेशनसह फोटो पाठवा, पाच वाजेपर्यंत पाठवा. उपक्रम झाला का, हे विचारायला कोणी येत नाही. फोटो गेला का, हे विचारायला दिवसातून तीनदा मेसेज येतो. दाणा न घालता जातं ओढत बसावं, तसं चाललंय. मी स्वतः पाहिलंय, एकाच रोपट्याभोवती तीन वर्गांचे वेगवेगळे फोटो निघाले. कारण रोप एकच आलं होतं.

सरांची बाजू मी घेते आहे असं आपल्याला वाटेल. घेतेच आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये शिक्षकांना दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कामं सोडून शिक्षणाबाहेरचं काम देऊ नये असं स्पष्ट आहे. त्याच कायद्याच्या कलम २९ मध्ये शिकणं हे कृतीतून, शोधातून, मुलांना रुचेल अशा रीतीनं व्हावं असंही आहे. व्यवस्थापन समितीच्या प्रशिक्षणात आपल्याच लोकांनी हा कायदा आम्हाला वाचून दाखवला होता. आम्ही तो लक्षात ठेवला.

पुस्तकांबद्दल थोडक्यात. प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींची पुस्तकंही हवीत, असं त्या कायद्याच्या परिशिष्टात लिहिलेलं आहे. आमच्या शाळेत पुस्तकं आहेत. कपाटात आहेत, कपाटाला कुलूप आहे. कारण पुस्तक फाटलं, हरवलं तर डेडस्टॉकच्या, म्हणजे शाळेच्या वस्तूंच्या नोंदवहीच्या, तपासणीत गुरुजींना उत्तर द्यावं लागतं. पाच-सहा वर्षांपूर्वीची पुस्तकं नव्या कोऱ्या वासासकट तशीच आहेत. लेकरांच्या हाताळण्यानं पुस्तक फाटलं तर वसुली होणार नाही, एवढं एक लेखी पत्र काढलं तर जिल्ह्यातली कितीतरी कपाटं उद्या उघडतील. यात आपला एक रुपया खर्च होत नाही.

वर्तमानपत्र गावात येत नाही. परिपाठाच्या बातम्या सर फोनवरून काढून देतात आणि पोरं वाचतात. दोन वर्षांपूर्वी एका मॅडमनी सुचवलं, रोज एक बातमी आपल्या गावची सांगायची. तिथून भित्तिपत्रक सुरू झालं, पुढं केंद्रातल्या सगळ्या शाळांनी मिळून महिन्याचं बातमीपत्र काढलं. लेकरांच्या अक्षरात लिहिलेली दोन पानं, तालुक्याला झेरॉक्स. कोणाच्या विहिरीला पाणी लागलं, कोणत्या शाळेनं परसबागेतली मेथी पोषण आहारात शिजवली, कोणाची म्हैस व्याली, पाचवीतल्या कोणी लंगडीत किती गडी मारले.

त्या दोन पानांचा फोटो हंगामात टोळ्यांच्या ग्रुपवर जायचा. फडातल्या कोपीवर, म्हणजे झोपडीवर, रात्री आई-बाप तो पाहायचे. ज्यांना वाचता येत नाही ते दुसऱ्याकडून वाचून घ्यायचे. आपल्या लेकराचं नाव आलंय का, एवढं आधी शोधायचे. माझी जाऊ चार महिने कर्नाटकात होती. तिच्या पोराची खबर तिला आमच्या फोनपेक्षा त्या कागदातून जास्त कळायची, कारण फोनवर पोरगा ‘बरं हाय’ यापलीकडं बोलत नाही. कागदावर मात्र त्यानं ओढ्यावर पाहिलेल्या घोरपडीबद्दल अर्धं पान लिहिलं होतं.

मग एका अंकात सहावीतल्या मुलीनं लिहिलं की शाळेतल्या मुलींच्या स्वच्छतागृहाला दार नाही, म्हणून त्या जोडीनं जातात आणि एक जण बाहेर उभी राहते. तक्रारीचा सूरही नव्हता त्यात. बाकीच्या बातम्यांसारखीच ती एक बातमी होती. तो कागद फिरत फिरत वरपर्यंत गेला. मॅडमना खुलासा मागितला गेला. आणि आता परवानगीचा आदेश आला. दार अजून आलेलं नाही.

आपल्या विभागाच्याही बातम्या छापून येतात, त्या मी वाचते. उद्घाटन कोणी केलं, अध्यक्षस्थानी कोण, प्रमुख पाहुणे कोण, सूत्रसंचालन आणि आभार कोणी, सगळ्यांची नावं हुद्द्यासकट. शेवटी एक ओळ, विद्यार्थी मोठ्या संख्येने उपस्थित होते. शाळेची बातमी म्हणजे एवढंच असेल तर ती आम्हाला नको. लेकरांची बातमी लेकरांना लिहू द्या. चुकीचं काही लिहिलं गेलं तर शिक्षक आहेत, समिती आहे, आम्ही दुरुस्त करू. खरं लिहिलं गेलं तर दुरुस्ती आपल्याला करायची आहे.

सहलीचं एक सांगते. एसटी शैक्षणिक सहलीला निम्म्या भाड्यात गाडी देते. आमच्यापासून एका दिवसात जाऊन येण्यासारखं किती आहे! तेरचं वस्तुसंग्रहालय, नळदुर्गचा किल्ला, अंबाजोगाईचा हत्तीखाना, पाटोद्याकडं नायगावचं मयूर अभयारण्य. पण परवानगीची फाइल शाळेतून केंद्रात, केंद्रातून तालुक्याला, तिथून जिल्ह्याला जाते आणि परत येईपर्यंत मार्च लागतो, उन्हाळा आणि परीक्षा एकदमच येतात. सुरक्षेचे नियम कडक असावेत, त्याबद्दल वाद नाही. पण हो किंवा नाही हे वेळेवर तरी कळावं. काही जिल्हा परिषदांनी निवडक विद्यार्थ्यांना इस्रो दाखवलं, अगदी नासापर्यंत नेलं. त्या पोरांचं कौतुकच आहे. पण निवड न झालेल्या हजारोंसाठी तेरला जाणारी एक एसटी, एवढंच आमचं मागणं आहे.

इन्स्पायर मानक या मुलांच्या विज्ञानकल्पनांसाठीच्या योजनेचंही तसंच. चांगल्या कल्पनेला केंद्र सरकारकडून १०,००० रुपये मुलाच्या खात्यात येतात. पण नोंदणीची आठवण शेवटच्या दोन दिवसांत येते, मग नेटवरून कल्पना उतरवून घेतल्या जातात. लेकरानं स्वतः काही शोधावं याला दोन दिवस पुरत नाहीत.

साहेब, सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचं निघालं, तेव्हापासून आमच्यासारखी गावं पटाकडं डोळे लावून बसतात. पट कसा घटतो ते आम्ही रोज पाहतो. रस्त्यावरून इंग्रजी शाळेची पिवळी गाडी जाते. त्या शाळेत गॅदरिंग होतं, स्पोर्ट्स डे होतो, सहल जाते. आमच्या शाळेत शिकवणं चांगलं आहे, हे पालकाला दिसत नाही. त्याला गॅदरिंग दिसतं. आपण एकेक उपक्रम बंद करायचा, पालकांनी पिवळी गाडी धरायची, आणि दोन वर्षांनी आपल्याच कार्यालयानं विचारायचं, पट का कमी झाला?

आमच्या मागण्या साध्या आहेत.

केंद्र आणि तालुक्याच्या कला-क्रीडा स्पर्धा याच हंगामात प्रत्यक्ष मैदानावर घ्याव्यात. डिसेंबर गेला असेल तर जानेवारीत घ्या, पण कारखान्याचा पट्टा पडायच्या, म्हणजे गाळप संपायच्या, आत घ्या. नंतर त्यांचा आम्हाला निम्मा उपयोग. पुढच्या वर्षीची तारीख दिवाळीच्या सुट्टीआधी जाहीर करावी, म्हणजे आम्हाला आई-बापांशी बोलता येईल.

शनिवारची सराव चाचणी थांबवावी. घ्यायचीच असेल तर ती शासनाच्या कोणत्या निर्णयात बसते ते लेखी कळवावं.

बातमीपत्र आणि भित्तिपत्रकावरची पूर्वपरवानगीची अट मागं घ्यावी, आणि त्या मॅडमना दिलेली खुलाशाची नोटीसही. फोटो मागायचेच असतील तर महिन्यातून एकदा, एकत्र मागावेत. पुस्तकांच्या वसुलीबाबतचं पत्र काढावं. सहलीचा निर्णय तालुका पातळीवर, अर्ज आल्यापासून पंधरा दिवसांत व्हावा. आणि स्वच्छतागृहाला दार बसवावं.

यातल्या कोणत्या गोष्टी आपल्या अधिकारात नाहीत ते सांगितलं तर आम्ही पुढं योग्य त्या ठिकाणी जाऊ. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत हे पत्र वाचायचं ठरलं आहे. आपलं लेखी उत्तर त्याआधी आलं तर तेही त्याच सभेत, याच्या लगेच खाली, शब्दशः वाचलं जाईल. स्वतः आलात तर आनंद होईल. पोरी त्या दिवशी शाळेच्या मैदानावर दोन संघ करून सामना खेळणार आहेत, त्यांना पंच कमी आहे.

आपली,
शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष
(आणि पाचवी व सातवीतल्या दोन लेकरांची आई)